उभयगानविदुषी श्यामला भावे

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसापुढे एक प्रश्न नेहमीच असतो. आपले जपावे किती आणि तेथले घ्यावे किती? बंगळूरच्या श्यामला गोविंद भावे यांच्या चरित्राकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि गायनविद्या घराण्याच्या उंबरठ्याबाहेर आणली. पुढे त्यांच्या शिष्यांनी ठिकठिकाणी गायनशाळा चालविल्या. त्यांपैकीच गोविंद विठ्ठल भावे यांनी १९३० साली बंगळुरास सरस्वती संगीत विद्यालय स्थापन केले. नगर म्हैसूर संस्थानातले, येथील कान कर्नाटक पद्धतीवर पोसलेले. अशा ठिकाणी ख्याल शिकवायचा म्हणजे शिष्यांबरोबर श्रोतेही घडवायचे!

त्यांची कन्या श्यामला १४ मार्च १९४१ रोजी बंगळुरातच जन्मली. हिंदुस्थानी गायकी तिला वडिलांकडून घरीच लाभली. तेवढ्यावर थांबली असती, तरी कोणी दोष दिला नसता. परंतु श्यामलाबाईंनी कर्नाटक संगीताचीही रीतसर तालीम घेतली आणि 'उभयगानविदुषी' ही पदवी सार्थ केली.

हे काम दिसते तितके सोपे नव्हे. उत्तरेचा यमन आणि दक्षिणेची कल्याणी, किंवा मालकंस आणि हिंदोलम् यांचे स्वर जुळतात. दक्षिणेच्या तोडीचे स्वर तर आपल्या भैरवीचे. पण स्वर जुळले म्हणून राग एक होत नाही. गमकाची धाटणी निराळी, तालाचा हिशेब निराळा. ख्यालात लहानशा बंदिशीच्या आधाराने विस्तार चालतो. कृतीत मूळ रचनेलाच मोठा मान. एका वळणात मुरलेला गळा दुसरीकडे गेला, की पहिले वळण डोकावल्याखेरीज राहत नाही. श्यामलाबाई दोन्ही पद्धतींनी गायल्या, स्वतः रचना केल्या आणि वडिलांचे विद्यालय पुढे चालविले.

मराठी इतिहासात हे अगदीच नवे नव्हे. तंजावरच्या तुळजाराजांनी अठराव्या शतकात दक्षिणेच्या संगीतावर 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकर्त्यालाही तेथले शास्त्र शिकणे कमीपणाचे वाटले नाही.

२२ मे २०२० रोजी श्यामलाबाई बंगळुरातच निवर्तल्या. पित्याने या नगरास आपली विद्या दिली, कन्येने नगराची विद्या आपलीशी केली; आणि त्यापायी वडिलांचा ख्याल कोठे उणा पडला नाही. बदलीच्या गावी केवळ आपल्या मंडळापुरते वावरणाऱ्या आम्हां नोकरदारांनी एवढे ध्यानी घ्यावे.