यादवी म्हणावे की ताबा?



२००६ सालच्या उपवासकाळातील पहिल्या रविवारी विश्वासूंच्या प्रार्थना लिहायची पाळी आमच्याकडे होती. राखेच्या बुधवारच्या आठवडाभर आधी, २२ फेब्रुवारीला, इराकमधील समारा शहरात शिया पंथीयांच्या अल-अस्करी दर्ग्याचा सोनेरी घुमट स्फोटाने उडवण्यात आला होता. त्या स्फोटात कोणी मेले नाही. पण पुढच्या काही दिवसांत बगदादमध्ये शेकडो माणसे मारली गेली आणि कित्येक सुन्नी मशिदींवर हल्ले झाले. वर्तमानपत्रांतून ते सारे वाचून आम्ही एक ओळ लिहिली, की इराक देशातील यादवी थांबावी आणि तेथील लोकांना शांती लाभावी म्हणून आपण प्रार्थना करू या.

मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात आमच्या पॅरिशमधील एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी आम्हांला थांबवले. "काय हो, यादवी म्हटलासा. मग ती परकी फौज तिथं काय करायलीय?" आम्ही काहीतरी पुटपुटलो. तेव्हा ते म्हणाले, "आमचा आजा कूतात अडकला होता. तो काय कुणाच्या यादवीत गेला होता?"

आम्ही बेळगावचे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्या गावात आहे, त्यामुळे इराक हे नाव इथल्या जुन्या घरांना अगदी परके नाही; फक्त तिथे त्याला मेसपोटेमिया म्हणत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी जी सहावी पुणे डिव्हिजन त्या देशात पाठवली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. टायग्रिसच्या काठी कूत येथे ही फौज १९१५च्या डिसेंबरात तुर्की वेढ्यात सापडली. जवळपास पाच महिने उपाशीतापाशी लढून २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शस्त्रे खाली ठेवली. सुमारे १३,००० माणसे कैद झाली, आणि त्यांतली कित्येक परत आली नाहीत. सुभेदारसाहेबांचे आजोबा त्यांपैकीच एक.

पुढे ११ मार्च १९१७ रोजी ब्रिटिशांनी बगदाद घेतले. त्यांच्या सेनापतीने, जनरल मॉडने, जाहीरनामा काढला, की आम्ही जिंकायला आलो नसून सोडवायला आलो आहोत. १९२० साली तिथल्या लोकांनी त्या सोडवणाऱ्यांविरुद्ध बंड केले. त्या वर्षीच्या रमजानमध्ये बगदादचे शिया आणि सुन्नी एकमेकांच्या मशिदींत जाऊन एकत्र प्रार्थना करीत होते. परकी सत्ता आल्यावर दोन पंथ एकत्र आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. बंड चिरडायला पुन्हा मोठ्या संख्येने हिंदुस्थानी पलटणीच वापरल्या गेल्या. मग इंग्रजांनी फैसल नावाचा राजा आणून बसवला आणि राज्यकारभार बहुतांशी सुन्नी अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. दोन पंथांतली आजची तेढ चौदाशे वर्षांची जुनी आहे असे सांगून जे मोकळे होतात, त्यांनी ही अलीकडची शंभर वर्षेही चाळावीत.

'यादवी' या शब्दाकडेही जरा पाहू या. द्वारकेचे यादव समुद्रकाठी आपापसांत लढून नष्ट झाले, त्यावरून आपल्या भाषेत हा शब्द आला. त्या कथेत मारणारे यादव आणि मरणारेही यादव. किनाऱ्यावर तिसऱ्या कोणाची छावणी पडलेली नाही. म्हणून यादवी म्हटले की आपोआप असे वाटते, की बाहेरच्या कोणाचा यात संबंध नाही, हे यांचे आपसातले. सुभेदारसाहेबांना तो शब्द का खुपला, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले.

२००६ साली या शब्दावरून अमेरिकेतही मोठा वाद चालू होता. इराकचे माजी पंतप्रधान अयाद अल्लावी यांनी त्या मार्चमध्येच सांगितले, की रोज पन्नास-साठ माणसे मरत असताना याला यादवी म्हणायचे नाही तर दुसरे काय म्हणायचे. अध्यक्ष बुश यांचे सरकार मात्र तो शब्द टाळत होते. नोव्हेंबरअखेर एनबीसी या मोठ्या वृत्तवाहिनीने तो वापरायचे ठरवले, तर त्या निर्णयाचीच बातमी झाली! जानेवारी २००७ मध्ये अमेरिकी गुप्तचर खात्यांच्या अहवालाने कबुली दिली, की या शब्दात इराकचा सगळा गुंता मावत नाही, पण तिथल्या संघर्षाच्या महत्त्वाच्या अंगांना तो लागू पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीप्रमाणे २००६ या एका वर्षात ३४,४५२ नागरिक मारले गेले होते. एवढ्या प्रेतांपुढे शब्दाचा कीस काढणे निर्दयपणाचे वाटेल. पण शब्द ठरला की दोषी कोण तेही ठरते. ताबा म्हटले तर फौज जबाबदार. यादवी म्हटले तर फौज मध्यस्थ, आणि मध्यस्थाला हात धुऊन निघून जाता येते. हात धुणारा परकी सुभेदार आपल्याला दुःखसहनाच्या वाचनातून चांगलाच ठाऊक आहे.

मग खरे काय घडले? मे २००३ मध्ये अमेरिकेचे प्रशासक पॉल ब्रेमर बगदादला आले आणि पहिल्या दोन आठवड्यांतच त्यांनी दोन हुकूम काढले. एकाने सद्दामच्या बाथ पक्षाची वरची माणसे सरकारी नोकऱ्यांतून काढली, दुसऱ्याने इराकचे सैन्यच बरखास्त केले. लाखो माणसे पगाराविना, पण हत्यारांसह घरी गेली. देशात पोलीस नाही, सैन्य नाही, आणि ज्यांच्या हाती ताबा आहे त्यांच्याकडे गल्लीबोळांत राखण करायला पुरेशी माणसे नाहीत. आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे जो देश ताब्यात घेतो त्याने तिथली सुव्यवस्था सांभाळायची असते. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने अमेरिका आणि ब्रिटन यांना ताबा घेणाऱ्या सत्ता म्हणून तसे सांगितलेही होते.

जुलैमध्ये २५ जणांचे शासकीय मंडळ नेमले गेले. त्यात १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, १ तुर्कमान आणि १ अश्शूरी ख्रिस्ती. आपला एक माणूस आत बसला म्हणून त्या वेळी आमच्यासारख्या दूरच्या ख्रिस्ती वाचकांना बरेच वाटले होते, हे खोटे कशाला सांगा? पण या मोजदादीने प्रत्येक इराकी माणसाला सांगितले, की यापुढे तुझा वाटा तुझ्या पंथावर ठरेल. सद्दामच्या राज्यात शियांवर आणि कुर्दांवर भयंकर अत्याचार झाले होते, १९९१चे त्यांचे बंड रक्तात बुडवले गेले होते. त्या जखमा कोणी बाहेरून आणल्या नव्हत्या. तरी शम्मार, जुबूर यांसारख्या टोळ्यांत दोन्ही पंथांचे लोक होते, बगदादमध्ये शिया-सुन्नी लग्ने नेहमीची होती, आणि इराणविरुद्धच्या आठ वर्षांच्या लढाईत इराकच्या बाजूने लढणाऱ्या शिपायांत शियाच जास्त होते.

दरी पडावी म्हणून जीव तोडून झटणारेही होते. जॉर्डनहून आलेला झरकावी उघड ठरवून शियांची कत्तल करीत होता, म्हणजे ते उलटून सुन्नींवर पडतील. मार्च २००४ मध्ये आशुराच्या दिवशी करबला आणि काझिमिया येथे यात्रेकरूंमध्ये स्फोट झाले, १७०हून अधिक माणसे गेली. तरीही पुढच्याच महिन्यात अमेरिकी फौजेने सुन्नींच्या फलुजाला वेढा घातला, तेव्हा बगदादच्या शिया वस्त्यांतून तिकडे अन्न आणि रक्त गेले. १९२० सालची आठवण तोवर पुरती विझली नव्हती.

ती विझली २००५ मध्ये. जानेवारीच्या निवडणुकीवर बहुसंख्य सुन्नींनी बहिष्कार घातला. गृहखाते एका शिया पक्षाच्या हाती गेले आणि अमेरिकेने उभ्या केलेल्या नव्या पोलीस दलांत त्या पक्षाच्या टोळ्या शिरल्या. नोव्हेंबरमध्ये बगदादच्या जादिरिया भागात गृहखात्याच्याच एका इमारतीत दीडशेहून अधिक कैदी सापडले. बहुतेक सुन्नी, पुष्कळांच्या अंगावर छळाच्या खुणा. समाराच्या घुमटानंतर तर नाक्यानाक्यांवर ओळखपत्र मागायचे आणि नाव वाचून मारायचे असे सुरू झाले. उमर नावाचा मुलगा शिया वस्तीतून जाऊ शकत नव्हता, अली नावाचा सुन्नी वस्तीतून. माणसे खोटी ओळखपत्रे करून घेत आणि रस्ता बदलला की खिशातले नाव बदलत.

दुधाचे दही झाले की दूध उरत नाही. ताब्याची यादवी झाली असे म्हणणारे तशीच कल्पना करतात, की आधी एक होते, मग त्याचे दुसरे झाले. आमच्या मते इराकमध्ये तसे झाले नाही. यादवी खरी होती, भयंकर होती, आणि तिच्यात मारणाऱ्या हातांची जबाबदारी त्या हातांचीच होती. पण तिच्याभोवती ताबा जसाच्या तसा होता. २८ जून २००४ला सत्ता कागदोपत्री सोपवली गेली, तरी लाखाच्या वर परके सैनिक तिथेच होते. एप्रिल २००७ मध्ये याच सैन्याने बगदादच्या अधमिया या सुन्नी वस्तीभोवती १२ फूट उंच आणि सुमारे ५ किलोमीटर लांब काँक्रीटची भिंत बांधायला घेतली. हेतू रक्षणाचा होता. पण तिच्या विरोधात वस्तीतले लोक रस्त्यावर उतरले, आणि शिया पंतप्रधान मालिकी यांनीही विरोध केला.

शुभवर्तमानांचा काळ आठवून पाहा. यरुशलेमवर रोमचा ताबा होता. इ.स. ६६ मध्ये बंड झाले, आणि नंतर रोमी फौज चाल करून येत असता नगरात एलाजार, गिस्कालाचा योहान आणि शिमोन बार गियोरा यांचे गट एकमेकांचे गळे कापत होते. वेढ्यात उपयोगी पडणारी धान्याची कोठारे त्यांनीच जाळली. योसेफस लिहितो, की रोमी सेनापती वेस्पासियन मुद्दाम थांबून राहिला. हे आपसांत मरताहेत तर मरू देत. ७० साली मंदिर जळाले. ती यादवी होतीच. तरी इतिहासात त्या युद्धाला सारे रोम आणि यहुदी यांचेच युद्ध म्हणतात. आणि त्याआधी तीसचाळीस वर्षे, सत्ताधाऱ्यांसाठी जकात वसूल करणारा मत्तय आणि शिमोन जिलोत हे दोघे बारा जणांत एका ताटात जेवत होते. त्यांची आपसांत काय बोलणी होत असतील, असे आम्हांला नेहमी वाटते.

इराकमधल्या आपल्या बांधवांकडे ना सत्ता होती ना टोळी. १ ऑगस्ट २००४च्या रविवारी संध्याकाळी बगदाद आणि मोसूलच्या पाच चर्चवर स्फोट झाले. बगदादच्या दोरा भागात ख्रिस्ती घरांना सांगण्यात आले, की धर्म बदला, कर भरा, नाहीतर निघा. मोसूलमध्ये ३ जून २००७ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, फादर रघीद गन्नी मिस्सा अर्पण करून बाहेर पडले आणि तीन उपडीकनांसह मारले गेले. पुढच्या फेब्रुवारीत तिथलेच आर्चबिशप पौलोस फराज राहो यांना पळवून नेले, मार्चमध्ये त्यांचे प्रेत सापडले. मोसूल म्हणजे योनाचे निनवे. तिकडच्या मंडळ्या महाउपवासाआधी आजही निनवेकरांच्या नावाने तीन दिवसांचा उपवास करतात. पण आपल्यांची ही यादी वाचून आपण तिथेच थांबलो, तर आपणही नाव वाचूनच रडलो असे होईल. मेलेल्यांत फार मोठा भाग मुसलमानांचा होता. २००७ पर्यंत सुमारे २० लाख लोक देशाबाहेर आणि तितकेच देशातल्या देशात विस्थापित झाले होते. त्यांत सगळेच होते.

२००७च्या उत्तरार्धात हत्या घटल्या. जादा फौज आली, सुन्नी टोळ्या अल कायदाविरुद्ध उठल्या, शिया नेता मुक्तदा अल सद्रने आपल्या लोकांना थांबवले. आणि मिश्र वस्त्या तोवर इतक्या उरल्याच नव्हत्या. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकी फौज निघाली, पण पंथांची मोजदाद मागे राहिली. २०१४ मध्ये मोसूल पडले आणि तिथले ख्रिस्ती पुढच्या महिन्यात हाकलले गेले. म्हणजे फौज गेली की सारे आपोआप मिटेल, असे म्हणणाऱ्यांचेही पुरते खरे ठरले नाही.

सुभेदारसाहेबांना आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. पण पुढच्या रविवारची प्रार्थना बदलली. ताबा घेणाऱ्यांसाठी, हत्यार उचललेल्यांसाठी आणि दोघांच्या मध्ये सापडलेल्यांसाठी अशी ती तिहेरी झाली. वाक्य इतके लांबले की वाचणारी मुलगी मध्येच अडखळली. साहेब मागच्या बाकावर होते. त्यांनी मान हलवली, इतकेच.

त्यानंतर कधीतरी त्यांना आम्ही बगदादच्या एका पुलाची गोष्ट सांगितली होती. टायग्रिसच्या एका तीरावर सुन्नींचे अधमिया, दुसऱ्या तीरावर शियांचे काझिमिया, मध्ये इमामांचा पूल. ३१ ऑगस्ट २००५ रोजी त्यावर शिया यात्रेकरूंची प्रचंड गर्दी असताना आत्मघातकी हल्लेखोर आल्याची आवई उठली आणि चेंगराचेंगरीत, नदीत पडून, जवळजवळ एक हजार माणसे मेली. अधमियाची पोरे पाण्यात उतरली. उस्मान नावाच्या एका सुन्नी तरुणाने पोहत जाऊन एकामागून एक यात्रेकरू काठाला आणले आणि शेवटी थकून तो स्वतः बुडाला. पूल पुढे तीन वर्षे बंद होता. नोव्हेंबर २००८ मध्ये तो उघडला, तेव्हा दोन्ही तीरांवरचे लोक मधोमध येऊन एकमेकांना भेटले.

"नदी कुठली म्हटलासा?" साहेबांनी विचारले. टायग्रिस, आम्ही म्हणालो. "कूतची तीच की."