पेरून टाकलेला पुरावा

पोखर्णी म्हटलं की परभणीकरांना नृसिंहाचं देऊळ आठवतं. पण मृग बरसला की गावोगावी बोलणं बियाण्याच्या पिशवीवर येतं. सोयाबीनच्या पिशवीवरच्या लेबलावर उगवणशक्ती छापलेली असते, किमान 70 टक्के. हा कंपनीने दिलेला शब्दच. तो खोटा निघाला तर?

1974 साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या कलम 12 मध्ये एक सोय होती: एकाच कारणाने फसलेल्या अनेकांच्या वतीने एक-दोघांनी, मंचाची परवानगी घेऊन, तक्रार करायची. अमेरिकेतल्या ‘क्लास अ‍ॅक्शन’चं हे आपलं रूप.

बियाणेवाल्यांचा बचाव ठरलेला असे. शेतकरी धंद्यासाठी बियाणं घेतो, म्हणून तो ग्राहक नाही. बियाण्यांसाठी 1966 चा वेगळा कायदा आहे. आणि नमुना प्रयोगशाळेत तपासलाय कुठे?

आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात, राष्ट्रीय बीज निगमाच्या अपिलावर, सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2012 ला हे मुद्दे फेटाळले. शेतकरी ग्राहकच आहे. आणि आणलेलं सगळं बियाणं तो पेरतो; उद्या खटला लढायचाय म्हणून मूठभर बाजूला काढून ठेवत नाही. पुरावाच जमिनीत गेल्यावर नमुना मागायचा कसा?

2020 च्या खरिपात मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्याच पावसाळ्यात, 20 जुलैला, 2019 चा नवा ग्राहक कायदा लागू झाला. सामूहिक तक्रारीची सोय त्यातल्या कलम 35 मध्ये आली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड ठोठावणारं केंद्रीय प्राधिकरणही उभं राहिलं.

पण दंड सरकारजमा होतो. बुडालेला हंगाम भरून मिळायचा तर तक्रार स्वतःच करावी लागते. एकेकट्याला ती परवडत नाही, आणि कंपनी पेरणीची खोली, पावसाचा खंड अशी कारणं शेतागणिक पुढे करते. एकाच लॉट नंबरची पिशवी पन्नास शेतांत फसली असेल, तर ही कारणं लंगडी पडतात.

म्हणून पेरणीआधी पिशवी, लेबल, लॉट नंबर आणि पावतीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. शेजाऱ्याच्या पिशवीचाही.