बेशरम : नाल्याकाठचं हिरवं विष, बकरी पाळणाऱ्यांनी सावध राहावं

नागपुरात बेशरम माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण. रस्त्यावरच्या खड्ड्यात बेशरमचं झाड लावून आंदोलन करणं ही तर आपल्या विदर्भाची जुनी पद्धत. नाग नदी, पिवळी नदी, त्यांना मिळणारे नाले, तलावांचे दलदलीचे काठ, रिकाम्या प्लॉटमध्ये साचलेलं पाणी, अशा ठिकाणी हे झुडूप वाढतं. पण ते विषारी आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका बकऱ्यांना बसतो, हे मात्र अनेक घरांत माहीत नसतं.

ओळख कशी पटवावी?

बेशरमचं शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया. मूळचं हे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. रताळी आणि पाण्यात वाढणारी नाळीची भाजी याच कुळातली, म्हणून पानं-फुलं पाहून फसगत होऊ शकते. बेशरमची पानं मोठी, बदामाच्या आकाराची आणि टोकाला निमुळती असतात. फुलं फिकट गुलाबी-जांभळी, कर्ण्यासारखी. खोड सरळ उभं आणि आतून पोकळ असतं, फांदी मोडली की पांढरा चीक निघतो. नाळीची भाजी मात्र पाण्यावर किंवा चिखलावर पसरते, उभं झुडूप होत नाही. ओळखीबद्दल जराही शंका असेल तर नाल्याकाठची भाजी खुडून घरी आणू नये.

विष काम कसं करतं?

या झाडात स्वेनसोनीन नावाचं द्रव्य असतं. आपल्या शरीरातल्या पेशी काही प्रकारची साखर मोडून तिचा निचरा करतात. स्वेनसोनीन हे काम अडवतं. मग ती साखर पेशींत साचत जाते, पेशी फुगतात, आणि सर्वात जास्त नुकसान मेंदू व मज्जासंस्थेचं होतं. एखाद्-दोन पानांनी बकरी लगेच पडत नाही. कित्येक दिवस, आठवडे चरत राहिल्यावर लक्षणं दिसतात, आणि म्हणूनच मालकाच्या ध्यानात उशिरा येतं. शिवाय बकरीला या पाल्याची चटक लागते. एकदा सवय झाली की चांगला चारा सोडून ती तिकडेच धावते. सुदान, मोझांबिक आणि ब्राझीलमध्येही या झाडाने बकऱ्या आजारी पडल्याच्या नोंदी आहेत.

धोका कधी वाढतो?

उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये गवत करपून जातं, पण पाण्याकाठचा बेशरम हिरवागार राहतो. भुकेला जनावर समोर दिसेल ते खातं. या काही वर्षांत बकरी ईदही मे-जूनमध्येच येत आहे. म्हणजे ज्या दिवसांत घरोघरी कुर्बानीचे बकरे बांधलेले असतात, त्याच दिवसांत हा धोका जास्त. उघडपणे आजारी, लंगडं किंवा हाडकुळं जनावर कुर्बानीला चालत नाही, हे आपण जाणतोच. महिनोन्महिने लाडाने वाढवलेला बकरा ऐन वेळी पायावर उभा राहू नये, याहून मोठं नुकसान ते कोणतं?

लक्षणं

• खाऊनही वजन घटणं, केस राठ होणं, सुस्ती
• डोकं थरथरणं
• मागचे पाय लटपटणं, चालताना झोक जाणं
• बसलेल्या बकरीला उठता न येणं
• गाभण बकरीला अशक्त किंवा व्यंग असलेलं पिल्लू होणं

काय करावं?

यावर ठराविक उतारा नाही. पाला ताबडतोब बंद करणं हाच पहिला उपाय. लवकर लक्षात आलं तर बकरी बऱ्याच अंशी सावरू शकते, मात्र मज्जातंतूंचं नुकसान झालं असेल तर ते कायम राहू शकतं. घरगुती काढे पाजण्यात दिवस घालवू नये. पशुवैद्यकाकडे जावं आणि जनावर कुठे चरतं, हे त्यांना जरूर सांगावं. 1958 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या नागपुरातच आहे. हे विष दुधातूनही उतरतं, म्हणून अशा बकरीचं दूध घरात वापरू नये, पिल्लालाही पाजू नये.

चारणाऱ्या पोरांना हे झाड दाखवून ठेवावं. बाजारातून पाला घेताना त्यात बेशरम मिसळलेला नाही ना, ते बघावं. लहान मुलांना फुलं-बिया तोंडात घालू देऊ नये, चीक लागला तर हात धुवावेत.

झाड काढायचं तर मुळासकट उपटावं. नुसतं छाटून उपयोग नाही, आणि तोडलेल्या फांद्या नाल्यात तर मुळीच फेकू नयेत. ओल्या मातीला टेकलेला तुकडाही पुन्हा मूळ धरतो. बेशरम हे नाव त्याला त्यामुळेच पडलं. उपटलेली झाडं पाण्यापासून दूर कोरड्या जागी कडक उन्हात पूर्ण वाळवावीत. मोहल्ल्यातल्या चार जणांनी पावसाळ्याआधी एक रविवार दिला तरी आपल्या गल्लीमागचा नाला मोकळा होऊ शकतो.