जेम्स वेल्सकृत सवाई माधवरावांचे तैलचित्र : एक ऐतिहासिक साधन

उत्तर पेशवाईच्या इतिहासलेखनात दप्तरे, बखरी आणि वकिलांचा पत्रव्यवहार यांचा जितका कसून उपयोग झाला, तितका समकालीन चित्रांचा झाला नाही. चित्रे बहुधा ग्रंथांच्या सजावटीपुरतीच उरली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने १७९२ मध्ये रंगविलेले सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे तैलचित्र हे याचे ठळक उदाहरण होय. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आला आणि पुढील वर्षी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यास पोहोचला. दरबारात त्याला मिळालेला प्रवेश हा वकिलातीच्या राजकारणाचाच एक भाग होता, हे विसरून चालणार नाही.

चित्राची रचना लक्षणीय आहे. युरोपीय परंपरेतील भव्य व्यक्तिचित्रात सरदार बहुधा उभा असतो. येथे पेशवे भारतीय पद्धतीने बैठकीवर बसलेले आहेत, शेजारी नाना आहेत आणि सेवक मागे आहेत. छायाप्रकाश व रंगांचे तंत्र पाश्चात्त्य. बैठक, पोशाख आणि मानमरातब मात्र पुणेरी. पेशव्यांच्या अंगावर रत्ने व मोती, तर नानांचा वेष साधा. १८ वर्षांचा धनी आणि पन्नाशीचा कारभारी एकाच चौकटीत आल्याने सत्तेची वाटणी शब्दांवाचून स्पष्ट होते.

याच ठिकाणी अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी शनिवारवाड्यातून पडून पेशव्यांचा अंत झाला. तो अपघात की आत्मघात, हा वाद प्रसिद्धच आहे. त्या शोकांतिकेच्या प्रकाशात चित्रातील तरुणाच्या मुद्रेवर खिन्नता वाचण्याचा मोह होतो. परंतु ती खिन्नता पाहणाऱ्याची असते. १७९२ च्या चित्राला १७९५ ची साक्ष देता येत नाही. नानांच्या वर्चस्वाचा पुरावा कागदपत्रांतच शोधावा लागेल.

टेट संग्रहालयातील थॉमस डॅनिएलचे दरबारचित्र (१८०५) तर अधिकच जपून वापरावे लागते. त्याचा विषय १७९० च्या तहाचा दरबार. त्या प्रसंगी डॅनिएल हजर नव्हता, आणि ज्याच्या रेखाटनांवर ते आधारले तो वेल्सही तेव्हा हिंदुस्थानात आलेला नव्हता. माणसांचे चेहरे प्रत्यक्ष पाहिलेले, प्रसंग मात्र रचलेला, असा हा पुरावा आहे.

मॅलेटच्या पुढाकाराने पुण्यात निघालेल्या चित्रशाळेत वेल्सच्या हाताखाली काम केलेल्या गंगाराम चिंतामण तांबट यांचे नाव या संदर्भात घेतलेच पाहिजे. वेरूळच्या लेण्यांची त्यांनी काढलेली रेखाटने मॅलेटच्या संग्रहातून परदेशी गेली. वेल्स स्वतः नोव्हेंबर १७९५ मध्ये, पेशव्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच, साष्टीत वारला. त्याची कन्या सुझाना हिचा विवाह पुढे १७९९ मध्ये मॅलेटशी झाला.