क्षारजलाचे निर्लवणीकरण
तीव्र खाऱ्या पाण्यातील लवणे वेगळी करून गोडे पाणी मिळविण्याची प्रक्रिया. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम लवणे असतात. त्याहून बरेच खारे असलेल्या पाण्याला क्षारजल म्हणतात. खारी सरोवरे, कापडरंगाई व चर्मोद्योगाचे सांडपाणी आणि निर्लवणीकरण प्रकल्पांत मागे उरणारे पाणी ही त्याची उगमस्थाने होत.

तत्त्व व मर्यादा : व्यस्त तर्षणात (आरओ) पाणी अर्धपार्य पटलातून दाबाने पलीकडे जाते व लवणे अलीकडे राहतात. समुद्राच्या पाण्याचा तर्षण दाब सुमारे २७ बार असतो. प्रत्यक्षात ५५ ते ७० बार दाब लावतात. निम्मे पाणी काढून घेतले की उरलेल्याचा खारेपणा जवळजवळ दुप्पट होतो, तर्षण दाबही वाढतो आणि नेहमीच्या पटलांची क्षमता संपते. पुढे उष्णतेचा आधार घ्यावा लागतो.

पद्धती : बहुप्रभावी बाष्पीभवनात एका पात्रातील वाफ कमी दाबाच्या पुढील पात्राला तापवते. दुसऱ्या पद्धतीत तीच वाफ यंत्राने दाबून अधिक तापमानाची करतात व पुन्हा वापरतात. एक घनमीटर पाण्याची वाफ करण्यास साधारण ६३० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. वाफेच्या पुनर्वापरामुळे हे काम २० ते २५ युनिट विजेत भागते. समुद्राच्या पाण्याच्या आरओला मात्र ३ ते ४ युनिट पुरतात. शेवटी स्फटिकीकारकात मीठ घनरूपात वेगळे होते. कॅल्शियम सल्फेट व सिलिका यांची पुटे आणि धातूचे क्षरण या मुख्य अडचणी असल्याने नळ्या पुष्कळदा टायटॅनियमच्या असतात.

तमिळनाडूतील तिरुपूरचे रंगाई कारखाने मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंद करविले. त्यानंतर तेथे आरओ व बाष्पीभवक यांची जोड देऊन पाण्याबरोबर रंगाईचे मीठही परत वापरण्याची व्यवस्था रुजली.

विदर्भातील स्थिती : यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी जामणी, वणी, मारेगाव या भागांतील भूजलाचा प्रश्न खारेपणापेक्षा फ्लोराइडचा आहे. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५०० : २०१२) पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिग्रॅ. फ्लोराइड स्वीकार्य असून पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिग्रॅ.पर्यंत चालते. अशा गावांत आरओ यंत्रे बसवितात. परंतु ३ मिग्रॅ. फ्लोराइडच्या पाण्यातून निम्मे पाणी शुद्ध केले, तर टाकाऊ पाण्यात ते जवळजवळ ६ मिग्रॅ. होते. किनाऱ्यावर असे पाणी समुद्रात सोडता येते. येथे ते नालीत किंवा शेतात सोडल्यास पुन्हा भूजलात मुरते. अस्तर लावलेले बाष्पीभवन तलाव हा उपाय असला, तरी पावसाळ्यात ते भरून वाहण्याचा धोका असतो.

बुलढाणा, अकोला व अमरावती जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात (सुमारे ४,७०० चौ. किमी.) भूजलच खारे आहे. तेथे वान धरणावरील अकोटच्या ८४ खेडी योजनेसारख्या नळयोजनांवर भर आहे. फ्लोराइडसाठी नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेले, तुरटी व चुना वापरणारे नालगोंडा तंत्रही उपलब्ध आहे. त्यात आरओसारखे टाकाऊ पाणी उरत नाही, मात्र फ्लोराइडयुक्त गाळाची विल्हेवाट लावावी लागते. क्षारजलाचे बाष्पीभवन खर्चिक असल्याने ते मुख्यतः कारखान्यांपुरतेच परवडते.