नाडीची रेघ आणि आजीचं ‘वरचं’ बीपी

आज सुरुवातीलाच एक आकडा सांगतो. १७०/७०. घरात आजी असेल आणि कपाटात बीपीचं मशीन असेल, तर असा आकडा तुम्ही कधीतरी पाहिलाच असेल. वरचं भरपूर, खालचं एकदम छान. मग कुणीतरी म्हणतं, “या वयात तेवढं चालायचंच.”

हे ‘चालायचंच’ आलं कुठून, त्याची ही गोष्ट आहे. ती सुरू होते इंग्लंडमध्ये, पण तिचं एक टोक पाटण्यात आहे.

पाटण्यात १७५९ साली जन्मलेला दीन महोमेद ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून पुढे आयर्लंडला आणि मग इंग्लंडला गेला. १८१० साली त्यानं लंडनमध्ये हिंदुस्तानी जेवणाचं हॉटेल काढलं. ते बुडालं. मग ब्रायटनला जाऊन त्यानं वाफेची स्नानं आणि चंपीचा धंदा मांडला, तो असा चालला की खुद्द राजा त्याचं गिऱ्हाईक झाला. (‘शॅम्पू’ हा शब्द याच चंपीतून आला. पण तो वेगळ्या भागाचा विषय.) त्याचा नातू फ्रेडरिक अकबर महोमेद, जन्म १८४९, लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये डॉक्टरी शिकायला आला. आपला खरा हीरो हा नातू.

त्या वेळी बीपी मोजायचा पट्टा नव्हता. डॉक्टर बोटांनी नाडी बघायचे, बस. फ्रान्समधल्या एत्येन ज्यूल मारे यांनी १८६० साली एक यंत्र केलं होतं. मनगटावर बांधायचं, नाडी उडाली की एक बारीक दांडी हलायची आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. अकबर महोमेदनं विद्यार्थी असतानाच या यंत्रात सुधारणा केली आणि नाडीवर किती दाब द्यावा लागतो ते मोजायची सोय केली. १८७२ पासून तो यावर लिहू लागला.

आता बघा, त्यानं काय पाहिलं. मूत्रपिंडं बिघडलेल्या रोग्यांचं रक्त जोरात असतं हे ठाऊक होतं. पण चालत्याफिरत्या, तब्येतीची तक्रार नसलेल्या माणसांतही तशीच रेघ उमटते, हे त्यानं दाखवलं. म्हणजे आज आपण ज्याला साधं ‘बीपी आहे’ म्हणतो, ते त्यानं पट्टा येण्याआधी ओळखलं. आणि वयाबरोबर रेघेचा आकारही बदलतो, हेही त्याच्या लक्षात आलं. १८८४ साली टायफॉइडनं तो गेला. वय अवघं ३५.

रेघ बदलते का? त्यासाठी आणखी मागे जावं लागेल. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्लिश पाद्र्यानं एका घोडीच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी घातली आणि तिला काचेची उभी नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच चढलं! १७३३ साली छापलेल्या पुस्तकात त्यानं धमन्यांची तुलना आगीच्या बंबाशी केली. तेव्हाच्या बंबात हवेची एक कोठी असायची. पंप धक्क्याधक्क्यानं चाले, पण कोठीतली हवा दबून पुन्हा फुगायची, म्हणून पाण्याची धार सलग पडायची. हृदयाजवळची महाधमनी नेमकं हेच करते. प्रत्येक ठोक्याला फुगते, मग आक्रसते आणि रक्त पुढे ढकलते.

हा लवचीकपणा इलॅस्टिन नावाच्या तंतूंमुळे असतो, आणि ते तंतू शरीर मुख्यतः लहानपणीच तयार करतं. पुढे आयुष्यभर त्याच मालावर भागवायचं. कोट्यवधी ठोक्यांनी ते तुटतात, कडक कोलॅजन वाढतं, चुना साठतो. बागेतल्या रबरी पाइपाचा हळूहळू लोखंडी पाइप होतो म्हणा ना. मग ठोका पडला की दाब एकदम वर उसळतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये धरून ठेवणारं काही नसल्यामुळे खूप खाली येतो. म्हणजे वरचं १७०, खालचं ७०. आजीचं ते ‘छान’ खालचं बीपी काही दिलासा नसतो. ती ताठर धमनीची सही असते.

मग हे इतकी वर्षं कळलं का नाही? कारण पट्टा आला. १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रोच्चींनी दंडाला बांधायचा पट्टा काढला, १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्हनं स्टेथोस्कोप लावून वरचा आणि खालचा दाब ऐकायची रीत दिली. सोपं, स्वस्त, कुणालाही जमणारं. यंत्राची रेघ अडगळीत गेली, दोन आकडे उरले. त्यातही डॉक्टर लोकांनी खालच्या आकड्याला मान दिला. वरच्यासाठी एक ठोकताळा होता: १०० अधिक तुमचं वय. सत्तरीला १७०? बरोबर आहे की! आपलं ‘चालायचंच’ ते हेच.

याची किंमत कुणी दिली? वरचं एकटंच वाढलेलं बीपी म्हातारपणी बायकांमध्ये जास्त दिसतं. आणि नेमक्या त्याच काळात हृदयविकार हा पुरुषांचा आजार समजला जात होता. याला निमित्तही होतं, पुरुषांना अटॅक साधारण सात ते दहा वर्षं आधी येतो. पण ‘आधी येतो’ याचं ‘त्यांनाच येतो’ कधी झालं ते कळलंच नाही. १९६४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं बायकांसाठी हृदयरोगावर परिषद घेतली, तिचं नाव होतं ‘हृदयं आणि नवरे’. विषय काय, तर नवऱ्याचं हृदय कसं जपावं! पुढे कोलेस्टेरॉल, सिगारेट आणि बीपीवर एक भलामोठा अमेरिकन अभ्यास झाला, त्यात १२,८६६ माणसं होती. सगळे पुरुष. ॲस्पिरिनच्या गाजलेल्या अभ्यासात २२,०७१ डॉक्टर. तेही सगळे पुरुषच.

अपवाद फ्रेमिंगहॅमचा. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात १९४८ पासून ५,२०९ लोकांवर लक्ष ठेवलं गेलं आणि त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या. १९७१ मध्ये तिथल्याच विल्यम कॅनेल यांनी दाखवलं की वरच्या आकड्याला कमी लेखू नका. तरी सवय मोडायला आणखी २० वर्षं गेली. १९९१ साली ‘शेप’ नावाच्या चाचणीचा निकाल आला. साठीपुढचे ४,७३६ लोक, सगळ्यांचं फक्त वरचं बीपी वाढलेलं, आणि त्यात बायका निम्म्याहून जास्त. स्वस्तातली साधी गोळी दिली, तर पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे ज्याला वय म्हणून सोडून दिलं होतं, त्याच्यावर उपाय होता.

बायकांच्या धमनीचं गणित थोडं वेगळं आहे. पाळी चालू असेपर्यंत संप्रेरकांचं बरंचसं संरक्षण असतं. पाळी गेली की ताठरपणा पुरुषांपेक्षा वेगानं वाढतो. शिवाय उंचीचा मुद्दा. नाडीची लाट पायांकडे जाते, धडकते आणि परत फिरते. धमनी मऊ असेल तर ती सावकाश येते, हृदय आराम करत असताना. ताठर असेल तर लवकर येते, हृदय अजून रक्त ढकलत असतानाच. बुटक्या शरीरात अंतर कमी, म्हणून ती आणखी लवकर पोचते. हृदयाला या उलट्या धक्क्याविरुद्ध जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षं असं चाललं की त्याची भिंत जाड होते आणि ते नीट सैल पडेनासं होतं. मग आकुंचन पावण्याची ताकद इकोमध्ये नॉर्मल दिसते, पण जिना चढताना दम लागतो. हृदय निकामी होण्याचा हा प्रकार वयस्कर बायकांत जास्त आढळतो. आणि घरी त्याला आपण काय म्हणतो? ‘वजन वाढलंय’, ‘ॲसिडिटी असेल’, ‘टेन्शन घेते फार’.

आज लाटेचा वेग मोजता येतो. मानेपासून जांघेपर्यंत ती किती वेगानं गेली ते बघतात, आणि सेकंदाला १० मीटरच्या वर असेल तर ताठरपणा वाढलाय असं मानतात. हा वेग १ मीटरनं वाढला की हृदयविकाराच्या घटनांचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. पुरुष, बाई, दोघांनाही लागू. हे यंत्र सगळीकडे नसतं. पण घरच्या मशीनवर वरच्यातून खालचा आकडा वजा करता येतो. वयस्कर माणसात हा फरक सतत ६० किंवा जास्त येत असेल, तर डॉक्टरांना तो आकडा मुद्दाम सांगा. आजीचा किती होता? १००.

विसाव्या शतकाच्या शेवटी मायकेल ओ’रूर्क या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी नाडीची लाट वाचायचं तंत्र पुन्हा उभं केलं आणि अकबर महोमेदचं काम जगासमोर आणलं. तुमच्यापैकी ज्यांच्या हातात स्मार्टवॉच आहे, त्यांनी ते काढून उलटं बघा. तो हिरवा दिवा मनगटावर तीच लाट वाचत असतो, फक्त काजळीचा कागद नाही.

आजीचे आकडे लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात.