पायातली कडी आणि गळ्यातला पट्टा

यवतमाळहून समुद्र फार लांब. कोकणात कासवांच्या पाठीवर कसलंसं यंत्र बसवलं, ही बातमी आमच्याकडे वाचून लोक पान उलटतात. आमच्या बोलण्यात येतो तो वाघ. पण त्या कासवाची आणि टिपेश्वरच्या वाघाची गोष्ट मुळात एकच आहे. प्राण्यावर खूण करायची, त्याला सोडून द्यायचं आणि तो कुठे निघतो याची वाट बघायची. माणसाच्या या उद्योगाचा इतिहास मोठा गमतीदार आहे.

सुरुवात एका मास्तरांनी केली. डेन्मार्कमधले हान्स मॉर्टेनसन हे शिक्षक. १८९९ मध्ये त्यांनी साळुंकीच्या गोतातल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात आकडा आणि पत्ता कोरलेल्या अॅल्युमिनियमच्या कड्या घातल्या. कल्पना इतकी साधी, की आधी कोणाला कशी सुचली नाही याचं नवल वाटावं. पण यात एक अट आहे बघा. कडी घालणारा एक आणि ती सापडणारा दुसराच. त्या दुसऱ्यानं चार ओळी लिहून कळवलं तरच या सगळ्या खटाटोपाला अर्थ.

आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर झालं त्याला निमित्त ठरला एक आजार. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, मागोमाग माणसंही. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात तपास झाला. हा विषाणू रशियातल्या एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. तेव्हा प्रश्न पडला, की गोचिडांसकट तो पक्ष्यांनी तर आणला नसेल? मग जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं सालिम अलींच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कड्या घालायला घेतल्या. भरतपूरच्या पाणथळीत पकडून सोडलेली बदकं पुढे सोव्हिएत देशात सापडली. कडीवर मजकूर असायचा, मुंबईला कळवा. तिकडच्या कुण्या शिकाऱ्यानं खरंच मुंबईला कळवलं! शीतयुद्धाच्या काळात दोन देशांमधला हा पत्रव्यवहार बदकाच्या पायातून चालला होता.

पुढे रेडिओ आला. १९९० च्या सुमारास उल्हास कारंथांनी नागरहोळेत वाघांना रेडिओचे पट्टे बांधले. नंतर उपग्रह आले आणि सापडणाऱ्याच्या पत्राची वाट बघण्याची गरज उरली नाही.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. टिपेश्वर अभयारण्य म्हणजे जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. तिथल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पट्टा बांधला. कागदावर त्याचं नाव टी१सी१, लोकांनी ठेवलेलं वॉकर. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणातलं आदिलाबाद, परत इकडे नांदेड, हिंगोली, असं करत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. मार्च २०२० पर्यंत त्याची चाल ३,००० किलोमीटरच्या आसपास भरली. एप्रिलमध्ये पट्टा काढण्यात आला.

हे अंतर त्यानं जंगलातून कापलं नाही. कापलं ते बहुतेक वावरांमधून, नाल्यांच्या कडेनं, रस्ते ओलांडून, रात्रीचं. दिवसा कुठेतरी दडून राहायचं. आपल्याकडे हिवाळ्यात पऱ्हाटी छातीएवढी वाढते, त्यात वाघ बसला तर धुऱ्यावरून जाणाऱ्याला कळायचं नाही. वाटेत हिंगोलीकडे माणसांना इजा झाली, पण जीव कोणाचा गेला नाही.

शास्त्रज्ञ नकाशावर वाघाच्या वाटा काढतात त्याची रीत अशी. जमिनीचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला आकडा द्यायचा. जंगलाला लहान, शेताला त्याहून मोठा, गावाला आणि हमरस्त्याला सगळ्यात मोठा. मग संगणक दोन जंगलांमधली कमीत कमी खर्चाची वाट शोधतो. आपल्या देशातल्या वाघांच्या वाटांचे नकाशे असेच तयार झाले आहेत. ही रीत चांगलीच आहे. पण आकडे शेवटी माणसानं ठरवलेले. ते बरोबर की चूक, हे वॉकरसारखा एखादा चालून दाखवतो तेव्हाच कळतं. टिपेश्वर ते ज्ञानगंगा असा प्रवास एखादा वाघ करेल, असं आधी किती जणांना वाटलं असतं?

कोकणातही असंच झालं. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं, तिचं नाव प्रथमा. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी, या समजुतीला धक्का बसला. आणि जानेवारी २०२५ मध्ये तर गुहागरच्या वाळूत एक मादी अंडी घालायला आली, तिच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची पट्टी, आकडा ०३२३३. ती २०२१ मध्ये ओडिशात लावलेली! ना उपग्रह, ना बॅटरी. कोणीतरी वाकून आकडा वाचला आणि कळवलं, बस्स. मॉर्टेनसन मास्तरांची युक्ती सव्वाशे वर्षांनीही चालली.

मला यातून एकच गोष्ट सांगावीशी वाटते. खूण कितीही महागडी असो, शेवटी काम पडतं ते वाटेवरच्या माणसाशी. संगणकाच्या चौकोनात शेताला एक आकडा मिळतो, त्या शेतात रात्री जागलीला बसलेल्या माणसाला वेगळा रकाना नसतो. आणि तो रकाना काय मोलाचा आहे हे आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय. पांढरकवडा-राळेगाव भागात १३ माणसांचे बळी टी१ वाघिणीच्या नावावर लिहिले गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घातली गेली. देशभर वाद झाला. वॉकर निघाला तो त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, त्याच पांढरकवड्याच्या मुलखातून.

वाघ यापुढेही निघणारच. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच एक वाघ धाराशिवच्या येडशी अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटली. दरम्यान वाशीम-बुलढाण्यातून समृद्धी महामार्गही झालाय. म्हणजे चौकोनांचे आकडे पुन्हा मांडायला हवेत. ते मांडताना पऱ्हाटीतल्या माणसालाही विचारलं, त्याला जागलीला दिवा-कुंपण आणि गुरं गेली तर वेळेवर भरपाई मिळाली, तर उद्या वाघ दिसल्यावर तो काठी न शोधता फोन शोधेल. मुंबईला कळवणाऱ्या त्या शिकाऱ्याला बदकाचा राग नव्हता, म्हणून त्यानं कळवलं. आपल्या शेतकऱ्याला वाघाचा राग येऊ नये, एवढी तजवीज आपल्याला करता येईल की नाही?